न लागलेल्या व्यसनातून मुक्तता

रकानेसाहेबांच्या दाढेत यंत्र फिरत होतं, तोंड सताड उघडं होतं आणि अर्धा जबडा बधिर होता, तेव्हा त्यांच्या आयुष्यात स्ट्रेट एज हार्डकोर नावाचं संगीत शिरलं. दुसऱ्या कुठल्याही अवस्थेत ते शिरणं शक्य नव्हतं. तोंड मोकळं असतं तर त्यांनी लगेच "हे बंद करा बघू" म्हटलं असतं आणि सगळ्यांचेच कष्ट वाचले असते.

आधी त्यांना वाटलं, दाढ कोरायचं यंत्र बिघडलं. मग लक्षात आलं की आवाज कोपऱ्यातल्या स्पीकरमधून येतोय. भरलेलं लोखंडी कपाट फरशीवरून ओढत न्यावं तशी गिटार वाजत होती, तिच्या मागे ढोल-ताशे एकमेकांवर धावून जात होते, आणि या सगळ्यावर कुणीतरी जिवाच्या आकांताने ओरडत होतं. मग मध्येच तो सगळा कल्लोळ थांबला आणि अतिशय मंद, अतिशय जड होऊन परत आला. एकेक ठोका सावकाश, ठरवून, जमिनीत खुंटी मारल्यासारखा. रकानेसाहेबांचा उजवा पाय खुर्चीवर आपोआप हलायला लागला.

"काका, पाय हलवू नका. दाढ तुमची आहे," दातांची डॉक्टर म्हणाली.

रकानेसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नको. परवाने नूतनीकरणाच्या कचेरीत ते हेडक्लार्क होते, आणि गेल्या बत्तीस वर्षांत एकही रिकामा रकाना असलेला अर्ज त्यांच्या टेबलावरून पुढे गेला नव्हता. माहिती नसेल तर 'निरंक' लिहा, गैरलागू असेल तर 'लागू नाही' लिहा, पण रकाना मोकळा ठेवायचा नाही. त्यांच्या धाकाने सत्तरीच्या म्हाताऱ्यांनी 'गरोदर असल्यास महिना' या रकान्यात 'लागू नाही' असं लिहून खाली सही केलेली आहे. लोक त्यांना मागे काहीबाही म्हणत. ते ऐकू आलं तरी रकानेसाहेबांना वाईट वाटत नसे. माणसाचं नाव त्याच्या कामावरून पडावं यात अपमान कसला?

चूळ भरल्यावर त्यांनी विचारलं, "हे ओरडतंय कोण?"

"मी," डॉक्टर म्हणाली.

ती जेमतेम पाच फुटांची होती आणि तिच्या कोटाच्या खिशावर हसऱ्या दाताचं चित्र होतं. रकानेसाहेबांनी पुन्हा एकदा चूळ भरली. मग तिने हातमोजे काढता काढता सगळं सांगितलं. त्यांचा चौघांचा बँड होता. गिटारवर स्कूटर दुरुस्त करणारा मिस्त्री, ड्रमवर शाळेतले भूगोलाचे सर, जाड तारांच्या गिटारवर टपाल खात्यातला एक लांबडा माणूस, आणि ओरडायला ही. चौघंही दारू पीत नाहीत, विडी-सिगारेट ओढत नाहीत, कसलीच नशा करत नाहीत, यालाच स्ट्रेट एज म्हणतात, आणि गाणी असतात ती याचीच. वाजवायला उभे राहिले की हाताच्या मागच्या बाजूला काळ्या मार्करने मोठी फुली काढतात. कुठल्याशा देशात पूर्वी लहान वयाच्या पोरांच्या हातावर अशी फुली मारत, म्हणजे याला दारू द्यायची नाही हे बारवाल्याला कळावं. पुढे ज्यांना हवी नव्हती त्यांनी ती फुली आपणहून मिरवायला सुरुवात केली.

"पण तुम्ही घेत का नाही?" रकानेसाहेबांनी विचारलं. विचारल्यावर त्यांना शरम वाटली, कारण हा प्रश्न बत्तीस वर्षं त्यांनाच विचारला जात होता.

"का म्हणजे? नको म्हणून," ती म्हणाली आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

आता इथे रकानेसाहेबांची एक गुपित गोष्ट सांगणं भाग आहे. तेही घेत नसत. कधीच घेतली नव्हती. पण आपल्याकडे 'नको'ला एकट्याने घराबाहेर पडू देत नाहीत, त्याच्याबरोबर एखादं भक्कम कारण पाठवावं लागतं. नोकरी लागल्यानंतरच्या पहिल्याच पार्टीत कचेरीतल्या कॅशियरने त्यांच्या हातात ग्लास दिला आणि "का नको?" असं विचारलं. गडबडून रकानेसाहेब म्हणाले, "ॲसिडिटी आहे." तेव्हापासून त्यांना ॲसिडिटी होती. दर पार्टीला ते सगळ्यांदेखत एक गोळी चघळत. त्यांचं पोट इतकं ठणठणीत होतं की खिळे पचले असते. उलट, नसलेल्या आजारावरच्या त्या गोळ्यांनीच दुसऱ्या दिवशी त्यांना त्रास होई. "बिचाऱ्याला सोसत नाही," असं म्हणून लोक त्यांच्या पाठीवर थोपटत. बत्तीस वर्षं थोपटून घेतलेली ती पाठ त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात पहिल्यांदा ताठ झाली.

शनिवारी दुपारी ते मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये बँडची तालीम ऐकायला गेले. टायरांच्या चळतीवर रुमाल अंथरून बसले. भूगोलाच्या सरांनी तोंडाने चार आकडे मोजले आणि पुढची वीस मिनिटं गॅरेजचं शटर थरथरत होतं. रकानेसाहेबांना गाण्यातलं फारसं कळत नसे, पण एक गोष्ट त्यांना तिथे टायरांवर बसल्या बसल्या कळली. जगातलं बहुतेक संगीत तुम्हाला काहीतरी घ्यायला सांगतं, मन मोकळं सोडायला सांगतं. हे संगीत तसं नव्हतं. ते दाराशी पाय रोवून उभं होतं आणि आत येऊ देत नव्हतं. डॉक्टर ओरडत होती:

दे म्हणालास, नको.
घे म्हणालास, नको.
का म्हणालास, नको.

आणि तिसऱ्या 'नको'ला तो मंद, जड ठोका सुरू झाला. कवितेच्या दृष्टीने यात काही राम नव्हता. पण रकानेसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मिस्त्रीने ते पेट्रोलच्या वासाने आलं असं समजून पंखा त्यांच्याकडे वळवला. इतकी वर्षं ज्या गोष्टीची आपल्याला लाज वाटली, तिच्यासाठी कुणीतरी छातीवर हात मारून ओरडतंय, हे त्यांना सहन होईना.

निवृत्तीला दोन महिने राहिले होते. कचेरीतले निरोपसमारंभ गेली कित्येक वर्षं चौकातल्या बारच्या वरच्या मजल्यावर होत आणि त्यांची सूत्रं कॅशियरकडे असत. सोमवारी कॅशियरने वहीतल्या यादीवर बोट ठेवून विचारलं, "रकाने, तुझी तारीख घालू ना? तुझ्यासाठी साधं पाणी सांगतो."

"माझा समारंभ समाजमंदिराच्या हॉलमध्ये होईल," रकानेसाहेब म्हणाले. "दारू नसेल. माझ्या आवडीचं गाणं असेल."

"कुणाचं गाणं?"

"दातांच्या डॉक्टरचं."

कॅशियर इतका हसला की त्याला वही खाली ठेवावी लागली. "अरे, बिनदारूचा निरोप? मग लोक येतील कशाला, तुझं तोंड बघायला?"

"हो," रकानेसाहेब म्हणाले. हे त्यांनी पहिल्यांदाच एखाद्याला कारण न देता सांगितलं होतं, आणि त्यांना ते इतकं आवडलं की जाता जाता शिपायालाही त्यांनी उगाचच एकदा "हो" म्हटलं.

हॉलचा व्यवस्थापक सज्जन होता, म्हणजे तो नाही म्हणण्याआधी बसायला खुर्ची देत असे. वाद्यं कोणती, माणसं किती, इथवर ठीक चाललं. मग बरोबर आलेल्या मिस्त्रीने मोबाइलवर गाण्याचा नमुना ऐकवला. व्यवस्थापकाने दोन्ही हात कानांवर ठेवले आणि नियमांची वही उघडली. ध्वनिवर्धकासह ड्रम फक्त समाजप्रबोधनाच्या कार्यक्रमाला चालत. करमणुकीला चालत नसत.

"पण ही गाणी काय सांगतात?" त्याने विचारलं.

"दारू नको म्हणून."

"मग तुम्ही इतका वेळ माझं डोकं का खाताय? हे व्यसनमुक्तीचं प्रबोधन आहे. समाजकल्याण खात्याचं पत्र आणा. हवा तेवढा गोंगाट करा."

सोसायटीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या वहिनींनी जिन्यात सल्ला दिला की त्यापेक्षा सरळ कुणाची तरी सुगम गाण्यांची सीडी लावा. रकानेसाहेबांच्या पत्नीने सल्ला दिला की घरीच चार माणसं बोलवा, मी स्वयंपाक करते. पण रकानेसाहेबांना आता वरून कुणी खाली ओढू शकत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, एखादं पत्र मिळवायचं म्हटलं की त्यांच्या अंगात नेहमीच थोडी वीज संचारत असे.

समाजकल्याण खात्याचा अर्ज चार पानी होता आणि त्यात सव्वीस रकाने होते. रकानेसाहेबांनी तो दोन्ही हातांत धरून पाहिला. इतका नीटस अर्ज त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. खिडकीत एक तरुण कारकून बाई बसली होती. टाचण्या एका डबीत, पिना दुसऱ्या डबीत. तिच्याबद्दल त्यांना तत्काळ आदर वाटला. हाच आदर पुढे त्यांना नडला.

आठव्या रकान्यापर्यंत सगळं सुरळीत होतं. नववा रकाना होता, 'अर्जदाराचा व्यसनाशी प्रथम संबंध आल्याचा दिनांक'. रकानेसाहेबांनी सराईतपणे 'निरंक' लिहिलं.

"हे चालणार नाही," बाई म्हणाली. "इथे तारीखच लागते. कॉम्प्युटर पुढे जात नाही."

"पण मला व्यसन नाही."

"व्यसन आहे का, असं कुठे विचारलंय? संबंध कधी आला, असं विचारलंय. कुणी कधी ग्लास पुढे केला असेलच की."

मुद्दा बिनतोड होता. रकानेसाहेब स्वतः त्या खिडकीत असते तर त्यांनीही हेच म्हटलं असतं. त्यांनी प्रामाणिकपणे आठवून बत्तीस वर्षांपूर्वीच्या त्या पहिल्या पार्टीची तारीख घातली. दहावा रकाना होता, 'शेवटचा संबंध आल्याचा दिनांक'. गेल्याच महिन्यात एका बदलीच्या पार्टीत कॅशियरने बोलता बोलता आपला अख्खा ग्लास त्यांच्या शर्टावर सांडला होता. शर्ट दोनदा धुवावा लागला होता. हा संबंध नाही म्हणायचा तर काय म्हणायचं? त्यांनी तीही तारीख घातली. अकरावा, 'दरम्यानच्या काळातील वारंवारिता'. पार्ट्या मोजल्या तर महिन्यातून साधारण दोनदा उपस्थिती होती. 'दरमहा दोन वेळा.' बारावा, 'प्रकृतीवरील परिणाम'. इथे मात्र ते क्षणभर थबकले. पण परिणाम झाला होता हे खरंच होतं, गोळ्यांमुळे का असेना. 'पोटाच्या तक्रारी,' त्यांनी लिहिलं. एकूण एक रकाना भरला, एकूण एक माहिती खरी. सही करताना त्यांना आपण चांगलं काम केल्याचं समाधान वाटलं.

बुधवारी पत्र आलं. ते पत्र त्यांना मिळालंच, पण त्याखाली 'प्रत माहितीसाठी' म्हणून आणखी चार पत्ते होते: कचेरीचे प्रमुख, हॉलचे व्यवस्थापक, पोलीस चौकी आणि त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी. विषय होता, 'बत्तीस वर्षांच्या मद्यासक्तीतून सहा आठवड्यांपूर्वी मुक्त झालेल्या ज्येष्ठ कर्मचाऱ्याच्या सत्कारास व प्रबोधनपर गायनास परवानगी'.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी पत्र सूचनाफलकावर लावलं. अभिनंदन करायच्या हेतूने लावलं, असं ते पुढे म्हणाले. संध्याकाळी वरच्या वहिनी पायऱ्या उतरून खास खाली आल्या.

"मला संशय होताच," त्या म्हणाल्या. "तुमचं ते रविवारचं दुपारी झोपणं मला नैसर्गिक वाटायचंच नाही. पण सोडलीत हो. मोठं काम केलंत." मग त्यांनी रकानेसाहेबांच्या पत्नीचे दोन्ही हात हातात घेतले. "कसं सोसलंत तुम्ही एवढी वर्षं?"

पत्नीने वहिनींना दारापर्यंत पोचवलं, दार लावलं आणि वळून म्हणाली, "अहो, बत्तीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की आमच्याकडे हे घेत नाहीत. तेवढी एकच गोष्ट होती माझ्याकडे सांगण्यासारखी. तीही घालवलीत."

"मी एकही खोटं अक्षर लिहिलेलं नाही."

"खोटं लिहिलं असतंत तर निदान पकडता आलं असतं," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. तिथून बराच वेळ भांड्यांचे मोठे आवाज येत होते.

गंमत अशी की लोक त्यांच्याशी आता कधी नव्हे इतक्या आदराने वागायला लागले. न पिणारा रकाने म्हणजे पोटाचा दुबळा माणूस होता. पिऊन सोडणारा रकाने म्हणजे पोलादी पुरुष ठरला. प्रमुखसाहेबांनी केबिनमध्ये बोलावून हात हातात घेतला. शिपायाने न सांगता चहा आणला. ज्यांनी बत्तीस वर्षं पाठ थोपटली ते आता पाठीमागून कौतुकाने कुजबुजत. या आदराने रकानेसाहेबांच्या अंगाची लाही लाही होत होती. जे केलंच नाही ते सोडल्याबद्दल माणसाला मान मिळतो आणि जे जन्मभर केलं त्याबद्दल कीव, हा कुठला न्याय?

सगळ्यात लागलं ते डॉक्टरचं. ती दवाखान्यात त्यांना म्हणाली, "काका, मला आधी सांगायचंत ना. सोडलेल्यांनाही आमच्यात जागा असते."

"मी सोडलेली नाही," रकानेसाहेब म्हणाले. "म्हणजे घेतलेलीच नाही. रकाने भरले मी, बाकी काही नाही."

सगळी हकिकत ऐकून ती हसता हसता आरशाचा चमचा खाली ठेवून बसली. मग गंभीर झाली. "आता खरं सांगितलंत तर परवानगी जाईल?"

"जाईल. अर्जदार व्यसनमुक्त असल्याशिवाय सत्कार नाही, आणि सत्कार नाही तर ड्रम नाही."

"मग?"

"मला तो कार्यक्रम हवाय," रकानेसाहेब म्हणाले. "आजवर त्या कचेरीत मी काही हवंय म्हणून सांगितलेलं नाही."

तिने काही सल्ला दिला नाही. आदल्या आठवड्यापासून भेटेल तो सल्ला देत असल्यामुळे रकानेसाहेबांना तिचं ते गप्प राहणं फार बरं वाटलं.

समारंभाच्या दोन दिवस आधी, जेवणाच्या सुट्टीत, कॅशियर त्यांना रेकॉर्डरूममध्ये घेऊन गेला. दार लोटलं. जुन्या फायलींच्या कपाटाला टेकून उभा राहिला. नेहमी एखाद्याच्या खांद्यावर हात टाकूनच बोलणारा हा माणूस आज हात खिशात घालून उभा होता.

"रकाने, एकट्याने प्यायचास रे?" तो म्हणाला. "आमच्यात बसून पाणी, आणि घरी एकट्याने? मला एकदा तरी सांगायचंस."

रकानेसाहेबांनी तोंड उघडलं, पण कॅशियर थांबला नाही.

"मला डॉक्टरांनी सांगितलंय. यकृत. अजून दोन वर्षं अशी चालू ठेवली तर पुढचं बघायला नको म्हणाले. चारदा सोडायचा प्रयत्न केला. कुणी ग्लास पुढे केला की नाही म्हणवत नाही. सगळे बघत असतात. काय सांगायचं त्यांना, कळत नाही." मग तो हळूच म्हणाला, "तुला जमलं म्हणजे मलाही जमेल, असं वाटायला लागलंय. कशी सोडलीस ते शुक्रवारी नीट सांग. मी पुढच्या रांगेत बसणार आहे."

रकानेसाहेब जागेवर येऊन बसले. त्या दिवशी त्यांच्या टेबलावरून रिकाम्या रकान्यांचे दोन अर्ज पुढे गेले आणि त्यांना कळलंसुद्धा नाही.

शुक्रवारी सकाळी त्यांनी पत्नीला सगळं सांगितलं. आता खरं बोललं तर कार्यक्रमही जाणार आणि कॅशियरही बुडणार, हा त्यांचा मुद्दा होता. गप्प बसावं, सत्कार घ्यावा, मित्र वाचवावा.

ती त्यांच्या शर्टाला इस्त्री करत होती. "कधीतरी त्याला कळेलच," ती म्हणाली. "की हा माणूस कधी प्यालाच नव्हता. मग तो परत बाटली उघडेल, आणि तुमचं नाव घेऊन उघडेल. ते चालेल का तुम्हाला?" इस्त्री उभी करून ठेवत ती पुढे म्हणाली, "आणि मला माझी ती एक गोष्ट परत हवीय."

पाच वाजता हॉल भरला होता. कचेरी सगळी आली होती, सोसायटी आली होती, चौकीतले एक हवालदार आले होते. मंचावर भलामोठा फलक होता, 'बत्तीस वर्षांची झुंज, अखेर विजय'. त्यामागे ड्रम, आणि ड्रममागे भूगोलाचे सर, घामाघूम. चौघांच्याही हातांवर काळ्या फुल्या होत्या. वरच्या वहिनींनी शेजारणीला सांगितलं की ते उपचार चालू असल्याचं चिन्ह आहे.

समाजकल्याण अधिकारी चाळीस मिनिटं बोलले. मग त्यांनी प्रमाणपत्र काढलं, चौकट केलेलं, आणि रकानेसाहेबांच्या हातात एक छापील कागद दिला. "आपलं मनोगत. आपल्याला त्रास नको म्हणून आम्हीच तयार ठेवतो. फक्त वाचायचं." पहिलं वाक्य होतं, 'मी एक हताश मद्यपी होतो'.

रकानेसाहेब माइकपुढे उभे राहिले. पुढच्या रांगेत कॅशियर बसला होता. तो दाढी करून आला होता, आणि हातात एक छोटी वही होती. लिहून घ्यायला आला होता बिचारा. त्या वहीकडे पाहून रकानेसाहेबांनी छापील कागदाची घडी घातली आणि ती खिशात ठेवली.

"मी कधीच दारू प्यायलेलो नाही," ते म्हणाले.

सभागृहाला आधी ही विनोदाने केलेली सुरुवात वाटली. दोन-चार जण हसले.

"एक थेंब नाही. ॲसिडिटीही नाही मला. कधीच नव्हती. तुम्हाला सगळ्यांना मी बत्तीस वर्षं खोटं सांगितलं, त्याची मला लाज वाटते. प्यायलो नाही त्याची नाही." त्यांचा आवाज चढायला लागला होता आणि तो खाली आणण्याची त्यांची अजिबात इच्छा नव्हती. "मला नको होती. पोट बरं नव्हतं म्हणून नाही, गोळ्या चालू होत्या म्हणून नाही, घरचे रागावतात म्हणून नाही. नको होती. आणि आता हे प्रमाणपत्रही नको."

अधिकारी उभे राहिले. त्यांनी आधी प्रमाणपत्राकडे पाहिलं, मग व्यवस्थापकाकडे. व्यवस्थापकाने नियमांची वही पाहिली, कर्तव्य ओळखलं आणि भिंतीवरचा खटका खाली पाडला. माइक मेला. गिटारींच्या स्पीकरचे दिवे विझले. अधिकाऱ्यांनी मोठ्याने जाहीर केलं की अर्जदार व्यसनी नसल्यामुळे कार्यक्रम रद्द करण्यात येत आहे.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून रकानेसाहेबांच्या पत्नीचा आवाज आला. ती वरच्या वहिनींकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत होती, "सांगत नव्हते मी?"

मग भूगोलाच्या सरांनी तोंडाने चार आकडे मोजले. ड्रमला वीज लागत नाही, हे त्या व्यवस्थापकाच्या लक्षात आलं नव्हतं. पहिल्या ठोक्याला हवालदार दचकले. मिस्त्री आणि टपालवाला नुसत्या तारांवर हात मारत होते, त्याचा खरखर आवाज जेमतेम पहिल्या दोन रांगांत पोचत होता. डॉक्टर मंचाच्या काठावर आली, माइकशिवाय, आणि तिने फुफ्फुसांतली सगळी हवा एकदम बाहेर सोडली. दे म्हणालास. आणि रकानेसाहेबांनी, इस्त्रीच्या शर्टात, अठ्ठावन्नाव्या वर्षी, अख्ख्या कचेरीसमोर मान मागे टाकून ओरडून सांगितलं, "नको." दाढेतली चांदी दिसली म्हणतात. अधिकारी काहीतरी सांगत होते, ते कुणाला ऐकू आलं नाही. प्रमुखसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि बसूनच राहिले. शिपाई पाय आपटत होता.

पहिल्या कडव्यानंतर कॅशियर उठला आणि मंचापाशी आला. त्याच्या हातातली वही कोरी होती. सरांचे हात थांबले.

"मग मी काय करू?" त्याने विचारलं. त्याचा चेहरा पडला होता, आणि लोक बघतायत याचं त्याला भान राहिलं नव्हतं. "तू सोडली नाहीस. मग मी सोडायची कशी?"

"ते मला माहीत नाही," रकानेसाहेब म्हणाले. "ते डॉक्टरांना विचार, मी बरोबर येतो. उद्या, परवा, बोलावशील तेव्हा येतो. मला फक्त नाही म्हणता येतं. तेही आत्ता आत्ता. ते शिकवू शकतो."

"आणि कुणी का म्हणून विचारलं तर?"

"विचारू दे."

कॅशियरने कोट काढून खुर्चीवर टाकला आणि मंचाची पायरी चढला. रकानेसाहेबांनी त्याला हात दिला. सरांनी पुन्हा ठोका धरला, डॉक्टर ओरडली, आणि कॅशियरने तोंड उघडलं, पण आवाज बाहेर पडला नाही. दुसऱ्या वेळी पडला तो चुकीच्या जागी, सगळे थांबल्यावर, एकटाच. त्याचा तो फाटका 'नको' शेवटच्या रांगेपर्यंत गेला. मागे कुणीतरी हसलं. कॅशियरने मागे वळून त्या हसणाऱ्याकडे पाहिलं, चौकातल्या बारमध्ये रोज त्याच्या शेजारी बसणाऱ्या माणसाकडे, आणि त्याच्याकडे बघतच तो आणखी एकदा ओरडला. हा 'नको' बराच मोठा होता. मग कुणी हसलं नाही.

डॉक्टरने सरांना खूण केली आणि त्यांनी कॅशियरसाठी ते गाणं पहिल्यापासून सुरू केलं.